पंचवीसच्या जागी तेवीस

सोमवार, ९ तारीख
सकाळी, कामाला लागण्याआधी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. आईचे गुडघे दिवसभर कुरकुर करतात पण काम थांबवत नाहीत, म्हणजे अगदी आईसारखेच. बैठकीच्या खोलीला रंग काढला. तुझ्या खोलीतलं काही हलवलेलं नाही, फक्त खिडकीचं तावदान बदललं. तुझ्याच चेंडूनं तडकलेलं ते, इतकी वर्षं कसंबसं तग धरून होतं, शेवटी निखळलं.

पत्र बघून कपाळाला हात लावला असशील. आजकाल पत्र लिहितं कोण? पण माझ्या फोनवरून तुला फोन लागत नाही, आणि तो का लागत नाही हे दोघींनाही माहीत आहे. स्पर्धेच्या कार्यालयात प्रत्येक खेळाडूच्या नावाचा लाकडी कप्पा असतो, त्यात वेळापत्रकं, पास, चाहत्यांच्या चिठ्ठ्या असं काहीबाही पडतं. हे पत्र त्यातच टाकते आहे. वाचलंस तर बरं, नाही वाचलंस तर तुझी मर्जी. मी पाळतीवर राहणार नाही.

सहा वर्षं तू या टेनिस स्पर्धेकडे फिरकली नाहीस. दरवर्षी नेमक्या याच आठवड्यात कुठेतरी लांब, जिथे बघायला पंचवीस माणसंसुद्धा नसतील अशा ठिकाणी नाव घालायचीस. मी निकाल बघायचे हं सगळे. म्हणून शुक्रवारी पात्रता फेऱ्यांच्या पिशव्या आमच्या खोलीत आल्या आणि त्यात तुझी पिशवी दिसली तेव्हा मी आधी चष्मा पुसला. काल संध्याकाळी कार्यालयाबाहेर नेहमीसारखे दोन तक्ते लागले, डावीकडे पुरुषांचा, उजवीकडे महिलांचा. उजवीकडे अगदी खाली, पात्रता फेरीतून आलेल्यांच्या जागी, तुझं नाव होतं. तिथेच माझ्या हातातला चहा सांडला, आणि तोही मास्तरांच्या बुटांवर.

मास्तर म्हणजे सहा नंबरच्या मशीनवरचे गृहस्थ. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झाल्यावर गटिंगच्या, रॅकेटना तारा ओढायच्या धंद्यात आले. एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर, आणि तिसरा शोधत असतात. हात मात्र घड्याळासारखा अचूक. तू गेल्यानंतर ते आले, म्हणून ओळख करून देते आहे, कारण तुझ्या रॅकेट सध्या त्यांच्याकडे आहेत.

खोली तीच. प्रेक्षकांच्या जिन्याखाली, खिडकी नाही, आठ मशीनं, भिंतीवर सगळ्या कोर्टांचे पडदे. वर टाळ्या पडल्या की आमच्या छताला कळतं आणि आम्ही मान वर करतो, जणू छताकडे बघून गुण समजणार आहेत. नियमही तोच, एका खेळाडूच्या रॅकेट आठवडाभर एकाच माणसानं, एकाच मशीनवर करायच्या, कारण दोन माणसांचा हात सारखा नसतो. पुरुषांमधला एक उंच खेळाडू यंदा माझ्या वाट्याला आला आहे. नऊ रॅकेट देतो, नऊंवर नऊ वेगळे आकडे, आणि सामन्यात त्यातल्या दोनच पिशवीबाहेर येतात. मास्तर म्हणतात, याचं लग्न जुळवणाऱ्याची धडगत नाही.

रॅकेट कुणाकडे द्यायच्या ते आमचा मुकादम ठरवतो. नावानं मुकादम, पदानं खोलीप्रमुख. पण शिट्टी वाजवून माणसांना कामाला लावायची सवय, त्यामुळे हेच नाव पडलं. शुक्रवारी त्यानं तुझी चिठ्ठी हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. तारेचा प्रकार, ताण चोवीस किलो, आणि खाली सूचनेच्या जागी तुझ्या अक्षरात, 'चार नंबरचं मशीन नको.' चार नंबर माझं, म्हणून माझ्याकडे वळून त्यानं विचारलं की ते बिघडलंय का. मी म्हटलं, हो, मधूनमधून अडकतं.

बरोबर लिहिलंस. तुझ्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं, वर दोन रेघा ओढल्या असत्या.

आईला यातलं काही माहीत नाही. ती रोज विचारते, धाकटी तुझ्याशी काय बोलली. मी सांगते की बरी आहे म्हणते, जेवण वेळेवर आहे म्हणते. सहा वर्षांत मी तुझ्या तोंडी इतकं काही घातलं आहे की तू भेटलीस तर त्यातलं खरं करून दाखवताना तुझी दमछाक होईल. परवा मात्र आईनं माझीच विकेट काढली. म्हणाली, 'भिंगरी सांगत होती, तिच्या वाढदिवसाला तू अर्धा तास बोललीस म्हणून.' मी कधी बोलले गं? पण मान हलवली आणि म्हटलं, हो, बोलले ना. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले. म्हणजे तूही माझ्यासाठी खोटं बोलत होतीस.

बस्स, एवढंच. उद्या तुझा पहिला सामना आहे. समोरची डावखुरी आहे, तुला माहीत असेलच. मी वर येणार नाही, पडद्यावर बघीन.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तुझा असेल नसेल ते तू ठरव, इकडचा कमी झालेला नाही.

ताई


गुरुवार, १२ तारीख
दुपारी दोन

भिंगरी,

सोमवारचं पत्र कप्प्यातून गेलेलं दिसलं. मी पाळत ठेवणार नाही म्हटलं होतं, पण कार्यालयात माझं काम निघालं. चार वेळा निघालं. उत्तर नव्हतं, आणि मी ते मागितलंही नव्हतं.

दोन सामने जिंकलीस. कालचा तर असा की मुकादम शिट्टी तोंडात धरून पडद्याकडे बघत राहिला आणि वाजवायची विसरला. मानांकन असलेल्या पोरीला तू अशी पळवलीस की बिचारी शेवटी नुसतीच बघत होती. आईनं फोन करून मला सांगितलं की तू जिंकलीस. मी म्हटलं, हो का, अरे वा.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे तुझ्या हातात लवकर पोचायला हवं, म्हणून आमच्या काउंटरवर रॅकेट जमा करून घेणाऱ्या बाईंना सरावाच्या कोर्टवर पाठवते आहे. नीट वाच.

आज सकाळी मास्तरांच्या हातात आरी शिरली. तार अडकली की छिद्र मोकळं करायला वापरतो ती. तळहाताला चार टाके पडले आहेत, हात बांधून गळ्यात घातला आहे, जिवाला काही धोका नाही. टाके घालणाऱ्या डॉक्टरला ते टाक्यांमधलं अंतर सारखं ठेवायला सांगत होते म्हणे. पण या आठवड्यात ते मशीनला हात लावू शकत नाहीत. तुझ्या तीन रॅकेट उद्यासाठी करायच्या आहेत. बाकी सगळ्यांचे हात भरलेले, माझा उंच खेळाडू काल हरला, म्हणजे मी तेवढी मोकळी. मुकादमानं तुझी पिशवी उचलली आणि 'अडकलं तर हाक मार' म्हणत चार नंबरवर ठेवली. ती आत्ता माझ्यासमोर आहे.

हात बदलला तर खेळाडूला कळवायचं, हा नियम आहे. खेळाडू नाही म्हणाला तर रॅकेट दुसऱ्याकडे जातात, मग त्या दुसऱ्याला जेवण सोडावं लागलं तरी बेहत्तर. मुकादम फोन करायला निघाला होता, मी त्याला म्हटलं की मी कळवते. तेव्हा कळवते आहे. तू नाही म्हणालीस तर दोन नंबरवरचा माणूस करील, त्याला मी विचारून ठेवलं आहे आणि तो चांगला आहे. तुझा सराव चार वाजता संपतो. तोवर मी या रॅकेटना बोटही लावणार नाही.

पण हो की नाही म्हणण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी. ती सांगितल्याशिवाय तुझ्याकडून हो घेणं म्हणजे पुन्हा तेच होईल.

आमच्या धंद्यात चुका पुष्कळ असतात. तार उलटी ओवली, गाठ चुकली, चिमटा सुटला, की कापायची आणि पुन्हा करायची. पाप मात्र एकच. चिठ्ठीवरचा आकडा सोडून दुसरा आकडा ओढणं. म्हणजे खेळणाऱ्याला न विचारता त्याच्या सामन्यात उतरणं. बाबांच्या दुकानात मी बारा वर्षांची असल्यापासून तार ओढते आहे. आपल्या मागच्या भिंतीवर तू धाडधाड चेंडू मारायचीस आणि आत मी तुझ्या रॅकेट करायचे. एकदाही आकडा चुकला नाही. एकदाच सोडून.

सहा वर्षांपूर्वी इथेच, उपांत्यपूर्व सामन्याला, तू पंचवीस लिहिले होतेस आणि मी तेवीस ओढले. तीनही रॅकेटना. सामना संपल्यावर तुझ्या कोचनं ताण मोजायच्या यंत्रावर त्या धरल्या आणि तू त्या हातात घेऊन इथे आलीस. मी तुला सांगितलं की तुझं कोपर सुजलं होतं, कडक तारांनी ते कायमचं गेलं असतं, मी तुझ्या हातासाठी केलं. तू म्हणालीस, मला विचारायचं होतंस. मी म्हटलं, तू ऐकलं नसतंस. मग तू गेलीस. सहा वर्षं मी मास्तरांना, आणि मुख्य म्हणजे स्वतःला हेच सांगत आले, की मी तुझ्या हातासाठी केलं आणि तू कृतघ्न आहेस.

ते खरं नाही, भिंगरी.

कोपर सुजलं होतं हे खरं. पण आदल्या दिवशी मी तुझ्या डॉक्टरांना गाठून विचारलं होतं. ते म्हणाले, 'एक-दोन सामन्यांनी काही बिघडत नाही, स्पर्धा झाल्यावर महिनाभर विश्रांती द्या.' हे मी तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी त्या मोठ्या अकादमीचा माणूस आमच्या काउंटरवर आला होता. तो काही लपवत नव्हता, उलट मला चांगली बातमी द्यायला आला होता. म्हणाला, तुमची बहीण उपांत्य फेरीत पोचली की आम्ही तिला नेणार, चार वर्षांसाठी. राहणं, खाणं, डॉक्टर, सगळं तिकडे. मी विचारलं, आणि गटिंग? तो हसून म्हणाला, 'आमचा माणूस आहे ना. तुम्ही आता आराम करा.'

मी आराम करायचा. चौदा वर्षं तुझी प्रत्येक रॅकेट माझ्या हाताखालून गेली होती. तुझ्या मागून मी किती गावं हिंडले, किती स्टुलांवर बसून जेवले, ते तुला माहीत आहे. लग्न, घर, यातलं काही मी तुझ्यासाठी सोडलं असं म्हणणार नाही, मला नकोच होतं ते. मला हे हवं होतं. तू कोर्टवर, मी मशीनवर. तू उपांत्य फेरीत पोचलीस की ते संपणार होतं.

संध्याकाळी मी मशीनवर आकडा लावला तेव्हा मनात तुझं कोपर होतं, असं मला आजही म्हणता आलं असतं. मनात तो माणूस होता. दोन किलो कमी म्हणजे तुझा चेंडू हातभर लांब जाणार, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तुझ्यापेक्षाही जास्त मला माहीत होतं. आणि तसेच ते गेले, एकामागून एक, रेघेच्या बाहेर. मी खाली पडद्यावर बघत होते. तू हरलीस तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग शरम वाटली. पण आधी सुटल्यासारखं वाटलं, हे तुला सांगायलाच हवं.

अकादमीनं दुसऱ्या मुलीला नेलं. तू सहा वर्षं धर्मशाळेसारख्या हॉटेलांत राहून एकटीनं खेळत राहिलीस. जे सांभाळून ठेवायचं म्हणून मी हे केलं, ते तर त्याच संध्याकाळी गेलं. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं म्हणतात ना, त्यातली गत. आता हसू येतं लिहिताना, तेव्हा नव्हतं आलं.

मी चुकले. तुझ्या भल्यासाठी चुकले असं नाही, माझ्यासाठी चुकले. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ, घाई नाही. घाई फक्त रॅकेटची आहे. चार वाजता काउंटरवरच्या बाईंना हो किंवा नाही एवढंच सांग. नाही म्हणालीस तर मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. रागावायची पाळी आता माझी नाही.

आशीर्वाद लिहिण्याचा आज मला हक्क नाही, म्हणून नुसतंच,

ताई


शुक्रवार, १३ तारीख
संध्याकाळी साडेपाच

भिंगरी,

काल तू निरोप पाठवशील असं मी धरून चालले होते. चार वाजून दहा मिनिटांनी तू स्वतःच काउंटरवर येऊन उभी राहिलीस आणि माझी पाचावर धारण बसली. सहा वर्षांनी इतक्या जवळून बघितलं तुला. उन्हानं रापली आहेस. कानामागे एक पांढरा केस आहे, आपल्या घरात सगळ्यांना तिथूनच सुरू होतात. मी हे सगळं बघत होते आणि तू बोलायला लागलीस.

तू जे बोललीस ते रात्रभर माझ्या कानात होतं, म्हणून लिहून काढते. बरोबर आहे का बघ. तू म्हणालीस, 'ताई, मला पहिल्याच चेंडूला कळलं होतं. सरावाचे चेंडू मारतानाच. पिशवीत आधीच्या फेरीच्या दोन जुन्या रॅकेट होत्या, त्या मी काढल्या नाहीत. मला वाटलं, ताईनं केलंय म्हणजे तिला काहीतरी दिसलं असेल, मला न दिसलेलं. म्हणून तशीच खेळले.'

आणि मग, 'चोवीस. पाव किलो इकडे नाही आणि तिकडे नाही.' आणि निघून गेलीस.

मुकादमानं नंतर दोनदा विचारलं की बरं आहे ना. मास्तर बांधलेला हात घेऊन उगाचच खोलीत येऊन बसले होते, त्यांनी आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले, आणि रडले. आठ मशीनं चालू होती, कुणाला ऐकू गेलं नसेल असं धरून चालते.

मला इतकी वर्षं वाटायचं की मी तुला फसवलं. तू फसली नव्हतीस. तुला कळलं होतं, हातात दुसरी रॅकेट घेता येत होती, आणि तू माझीच धरून ठेवलीस, सामना हातातून जाईपर्यंत. म्हणजे मी तेवीस ओढले तेव्हा तुझा खेळ बिघडवला एवढंच नव्हे. तू माझ्यावर भरवसा ठेवून हरलीस, आणि मग कोचच्या यंत्रावर तो आकडा बघितलास, आणि माझ्याकडून कारण ऐकलंस, तेही खोटं. तुला त्या दिवशी किती लागलं असेल ते मला काल चार वाजून दहा मिनिटांनी कळलं. उशीर झाला. मी मरेपर्यंत कळलं नसतं तर आणखी वाईट झालं असतं, एवढंच म्हणते.

मग रॅकेट केल्या. सावकाश केल्या. आधी मशीनचा ताण तपासून घेतला, मास्तरांना आकडा बघायला लावला, त्यांनी दोन्ही चष्म्यांतून बघितला. सोळा उभ्या, एकोणीस आडव्या. तीनही रॅकेट यंत्रावर धरल्या, चोवीस, चोवीस, चोवीस. मुकादम म्हणाला की एवढं तर कुणी बँकेची तिजोरी मोजताना करत नाही. मी म्हटलं, तू शिट्टी वाजव.

आज मी वर आले होते. तुला दिसले की नाही माहीत नाही, शेवटच्या रांगेत होते, खांबाआड. पडद्यावर चेंडू कुठे पडला ते दिसतं, पण तू दोन गुणांच्या मधे काय करतेस ते दाखवत नाहीत. तू तारांकडे बघतेस आणि ओठ हलवतेस. लहानपणी भिंतीसमोर करायचीस तसंच. पहिला सेट गेला तेव्हा वाटलं आकडा चुकला, कुठेतरी चुकलाच. मग तू दुसऱ्या सेटमधे रेघेवर एकामागून एक असे चेंडू ठेवलेस की शेजारची बाई मला म्हणाली, तुमची कुणी आहे का? मी म्हटलं, धाकटी बहीण. सहा वर्षांत पहिल्यांदा मी हे मोठ्यानं म्हटलं.

तू उपांत्य फेरीत आहेस. आईचा फोन आला होता, तिला बोलता येत नव्हतं, नुसती हुंदके देत होती आणि मधूनमधून तुझं वजन कमी झालंय म्हणून माझ्यावर रागावत होती. जणू तुझं ताट माझ्याकडे आहे.

आता कामाचं.

पाच वाजता काउंटरवरच्या बाईंनी तुझी उद्याची पिशवी आणून दिली. चिठ्ठी बघितली. तारेचा प्रकार लिहिला आहेस. वेळ लिहिली आहेस. सूचनेच्या जागी 'चार नंबर' एवढंच लिहिलं आहेस, ते मी तीनदा वाचलं. ताणाचा रकाना कोरा आहे.

बाई म्हणाल्या, विसरल्या असतील, फोन करून विचारते. मी म्हटलं, थांबा. तू दुसरं काहीही विसरशील, हे नाही विसरणार.

अर्धा तास झाला, ती चिठ्ठी पुढ्यात घेऊन बसले आहे. आकडा तू माझ्यावर सोडला आहेस, म्हणजे मला काय दिलं आहेस ते मला कळतं. आणि खरं सांगते, माझ्या मनात आकडा तयार आहे. आज वरून मला दिसलं, दुसऱ्या सेटच्या शेवटी सर्व्हिस केल्यावर तू दोनदा हात झटकलास आणि कोपराची पट्टी घट्ट केलीस. उद्या आजच्यापेक्षा ऊन जास्त आहे म्हणतात, म्हणजे चेंडू जास्त उडेल. कोपराला सैल तार हवी, उन्हाला कडक, दोन्ही गोष्टी उलट्या दिशांना ओढतात. सगळं धरून माझं मत साडेतेवीस आहे. हात वाचेल आणि चेंडू रेघेत राहील. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

पण हे माझं मत झालं. तो रकाना मी भरणार नाही.

रागावू नकोस. तू दिलेलं मी परत करत नाही, जन्मभर जपून ठेवीन. पण त्या वेळी तू काही न बोलता माझ्यावर भरवसा ठेवलास, आणि मी काही न बोलता तो मोडला. उद्याचा सामना तुझा आहे. जिंकलीस तर पूर्ण तुझा, आणि हरलीस तर हरणंही तुझंच असायला हवं, त्यात माझा पाव किलोसुद्धा नको. माझं मत तुला पटलं तर साडेतेवीस लिही. नाही पटलं तर चोवीस लिही, पंचवीस लिही, मी कुरकुर करीन, ती मी करणारच, पण ओढीन तेवढेच. फक्त आकडा तुझ्या अक्षरात हवा.

चिठ्ठी या पत्राबरोबर परत पाठवते आहे, पेन्सिलही बांधली आहे, म्हणजे सबब नको. नाहीतर असं कर, तूच खाली ये. मुकादमाला मी सांगितलं आहे की सात वाजेपर्यंत चार नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. मास्तरांनी स्टूल पुसून ठेवलं आहे. येऊन बस, आपण दोघी बोलू आणि मग मी मशीन लावीन.

आज आशीर्वाद लिहिते आहे. पोचला तर घे.

तुला विचारल्याशिवाय एक तारही न ओढणारी,
तुझी ताई